शिकागोत माझा एकताल

आमच्या सोसायटीत मला गाण्यातलं कळतं असा समज आहे. तो मीच पसरवला आहे. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर डोळे मिटून बसायचं, मांडीवर ताल धरायचा, समेला मान हलवायची आणि गवई निषादावर रेंगाळला की शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत 'क्या बात है' म्हणायचं, एवढ्या भांडवलावर मी सारी उमर काढली. पुण्यात ते खपून जातं, कारण आजूबाजूचे निम्मे लोक तेवढ्याच भांडवलावर बसलेले असतात.

मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो ते नेमके जून महिन्यात. "बाबा, तुम्हाला गाण्याची आवड आहे ना? शनिवारी ब्लूज फेस्टिव्हलला जाऊ. उघड्यावर असतो, आणि फुकट आहे," ती म्हणाली.

फुकट म्हटल्यावर मला दोन गोष्टी एकदम होतात. आनंद होतो आणि संशय येतो. दिवाळी पहाटेच्या मोफत प्रवेशिकांसाठी नगरसेवकाच्या कार्यालयासमोर सकाळी सहाला उभा राहिलेला माणूस आहे मी. मी विचारलं, "पास कुठे मिळतात?"

"पास लागत नाहीत."

"मग पुढच्या रांगा राखीव असतील."

"आपण हिरवळीवर बसायचं आहे बाबा."

"पण प्रायोजकांचे सत्कार वगैरे?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पुढची माहिती जावयाने पुरवली. हा महोत्सव शिकागो शहराचा, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेचा. १९८३ साली ब्लूजचे मोठे गायक मडी वॉटर्स गेले आणि पुढच्याच वर्षी, १९८४मध्ये, ग्रँट पार्कात तो सुरू झाला. २०१७पासून शेजारच्या मिलेनियम पार्कात भरतो. जगातला सर्वांत मोठा फुकट ब्लूज महोत्सव म्हणून तो ओळखला जातो. महापालिका रस्ते सोडून गाण्यावर पैसे खर्च करते हे ऐकून मी जरा गंभीर झालो.

तयारी मी स्वतः केली. मोठी सतरंजी (घरातली पलंगावरची जाड चादर, पण तिला सतरंजीचा मान दिला), थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी. शिवाय खिशात माउथ ऑर्गन. कॉलेजच्या गॅदरिंगला मी 'है अपना दिल तो आवारा' वाजवलं होतं. 'सोलवा साल'मध्ये, १९५८ साली, तो माउथ ऑर्गन आर. डी. बर्मननी वाजवलेला आहे. त्यानंतर ते गाणं वाजवणाऱ्यांत माझा क्रमांक किती लागतो हे मी कधी कुणाला विचारलं नाही. मुलगी म्हणाली, "जाकीट घ्या, तळ्यावरून वारा येतो." मी म्हणालो, "समर आहे ना? पुण्याचा मे काढलेला माणूस आहे मी." आणि अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट घालून निघालो.

लोकल आम्हाला युनियन स्टेशनवर सोडते. तिथून पूर्वेला चालत गेलं की मिशिगन अॅव्हेन्यू येतो आणि तो ओलांडला की पार्क. दारात बॅगा तपासतात. सुरक्षारक्षक बाईंनी पुऱ्यांचा डबा उघडून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता अडवणार. त्यांनी झाकण लावून डबा परत दिला आणि छान वास येतोय म्हणाल्या. मी उगाचच घाम पुसला.

आत शिरल्यावर ते प्रसिद्ध चकचकीत शिल्प दिसतं, ज्याला सगळे 'बीन' म्हणतात. अनिश कपूर यांचं. जन्म मुंबईचा, त्यामुळे मी ते आपलंच समजून जरा रुबाबात पुढे गेलो. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडले आहेत, पण सांधा शोधून सापडत नाही. त्यात अख्खं शहर दिसतं आणि आपणही दिसतो. लोक हसत हसत स्वतःचे फोटो काढत होते. काखेत सतरंजी आणि हातात डबा घेतलेला मी लग्नघरी बिल मागायला आलेल्या मंडपवाल्यासारखा दिसत होतो.

कार्यक्रमाच्या चांगला दोन तास आधी मी हिरवळीवर सतरंजी अंथरली आणि चारही कोपऱ्यांवर चपला, थर्मास, डबा आणि बायको ठेवून जागा पक्की केली. समोर फ्रँक गेरींनी रचलेला मंच: पोलादाच्या लाटा उसळून गोठल्यात असा. खुर्च्या चार हजार, मागे हिरवळीवर सात हजार माणसं मावतात. डोक्यावरून पोलादी नळ्यांची जाळी गेलेली आणि तिला ठिकठिकाणी लाउडस्पीकर टांगलेले. मंचावरचा आवाज मागे पोचायला लागतो तेवढाच वेळ थांबून ते वाजतात, म्हणून शेवटच्या माणसालाही आवाज दोनदा येत नाही. आपल्याकडे मांडववाले सगळे कर्णे एकदम सोडतात आणि मग आरतीचं प्रत्येक कडवं तीनदा ऐकायला मिळतं.

त्या जागेची मी इतकी राखण केली तरी तिथे कुणी हक्क सांगायला आलंच नाही. एक उंच, कृष्णवर्णीय आजोबा तेवढे आले. पांढरी हॅट, पायात चकाकते बूट, हातात घडीची बुटकी खुर्ची. खुर्चीचा एक पाय सतरंजीवर ठेवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. बायकोने माझ्याकडे न बघता "या, बसा" म्हटलं, तेही मराठीत, आणि ते बसले.

ते लहानपणी आईचं बोट धरून मिसिसिपीहून शिकागोला आले होते, इलिनॉय सेंट्रल रेल्वेने. साधारण १९१० ते १९७० या काळात साठ लाखांवर कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून अशी उत्तरेकडे आली. कापसाच्या शेतातली मजुरी, कर्ज आणि मारहाण मागे टाकून. मडी वॉटर्सही त्यातलेच. १९४३ साली याच गाडीने आले. खेड्यातल्या गाण्याला साधी गिटार पुरत होती, पण शहरातल्या दारूच्या गुत्त्यांत ती ऐकूच येईना. मग गिटारला वीज जोडली गेली आणि शिकागोचा ब्लूज जन्मला. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात कलावंत शेजारच्या घरातून वायर ओढून फुटपाथवर वाजवायचे. आजोबा म्हणाले, "आम्ही तिथेच ऐकलं. तेव्हाही फुकटच होतं." मघाचा माझा संशय आठवून मी त्यांना एक पुरी दिली.

गाणं सुरू झालं. जावई माझ्या कानाशी लागला, "बाबा, हे ट्वेल्व्ह-बार असतं." बारा म्हटल्यावर माझा चेहरा उजळला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "म्हणजे एकताल! बारा मात्रा." आणि मांडीवर एकताल सुरू केला. पहिलं आवर्तन संपलं, सम आली असं मी मानेने जाहीर केलं. मंचावर कुणाचंच तसं म्हणणं दिसलं नाही. पुन्हा मोजलं. माझी सम गायकाच्या श्वासावर पडली. पुढची ढोलकऱ्याच्या पाणी पिण्यावर. मी लय वाढवून पाहिली, ठाय करून पाहिली, आणि शेवटी वाजवणारे चुकतायत असं मत बनवलं. जावई हळूच म्हणाला, "बारा बार, बाबा. एकेका बारमध्ये चार मात्रा." म्हणजे अठ्ठेचाळीस. एवढ्या मात्रा मोजायला माझी मांडी पुरेना.

मग मी टाळ्यांकडे वळलो. तिथे आणखी वाईट. पहिलीवर टाळी देणारा संपूर्ण हिरवळीवर मी एकटा होतो. बाकी हजारोंची टाळी दुसरीवर आणि चौथीवर. माझी टाळी सगळ्यांच्या शांततेत वाजे आणि त्यांची माझ्या शांततेत. एक छोटी मुलगी मागे वळून माझे हात निरखू लागली. आणि आमच्या घरातून कुणी साथ द्यावी? बायको! ती भजनी मंडळात टाळ वाजवते एवढंच तिचं सांगीतिक शिक्षण, असं मी पाहुण्यांना सांगत आलोय. तिने पहिल्या गाण्यातच दुसरी-चौथी पकडली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा हात खाली ठेवा. लोकांचं चुकेल."

खचून जायचा माझा स्वभाव नाही. गायिकेने एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली आणि तिसरीत तिचं उत्तर दिलं. दोन ओळींमधल्या जागेत गिटार तिला जबाब देत होती. हे मला कळलं, आवडलंही. ठुमरीत सारंगी हेच करते. पण तिचा गंधार! ना कोमल, ना शुद्ध. मी डोळे मिटून निकाल दिला, "आवाज चांगला आहे, पण स्वर लागत नाहीत बाईंचे." मुलीने फोनवर वाचून दाखवलं, की दोन्ही गंधारांच्या मधला हा स्वर हाच ब्लूजचा प्राण. मी लगेच म्हणालो, "तेच म्हणतोय मी. आपल्या दरबारीत नाही का, अतिकोमल गंधार?" आमच्या घरात माझी आता कुणी उलटतपासणी घेत नाही, एवढं सुख आहे.

मध्यंतरात आजोबांचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. "तुम्हीही वाजवता?" त्यांनी त्यांच्या खिशातून दहा भोकांचा, तळहातात मावणारा माउथ ऑर्गन काढला. माझा चोवीस भोकांचा, दुहेरी. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्या आदराने परत दिला. वाजवा म्हणाले. मी 'आवारा' काढलं. मुखडा बरा गेला. मग आजूबाजूच्या चार-पाच जणांनी प्रेमाने टाळ्या धरल्या, अर्थात दुसरीवर आणि चौथीवर, आणि माझं गाणं अंतऱ्याच्या वळणावर रुळावरून घसरलं.

आजोबांनी मग समजावलं. मी फुंकतो, ब्लूजवाले ओढतात. फुंकलेला स्वर सरळ उभा राहतो. ओढलेला स्वर जीभ आणि घशाने वाकवता येतो. म्हणून गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर ते पांढरी सहाचा माउथ ऑर्गन घेतात, म्हणजे हवे ते स्वर ओढण्याच्या बाजूला येतात. (त्यांनी ई आणि ए म्हटलं, पांढऱ्या माझ्या.) माउथ ऑर्गनचे उस्ताद लिटल वॉल्टर तर माइक आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरून वाजवत, तो जवळजवळ सॅक्सोफोनच्या ताकदीने बोले. माझ्या वाद्यात एका स्वराला दोन पत्त्या, एक किंचित चढी, म्हणून तो गोड थरथरतो. पण वाकायचं नाव घेत नाही. "तरी ओढून बघा," ते म्हणाले. "पोटातून."

मी पोटातून ओढलं. मघाशी पुरी खाल्लेल्याच हाताने वाद्य खिशात टाकलं होतं. तिखटमिठाच्या पुरीचा एक तुकडा ओव्यासकट कुठल्याशा भोकातून निघाला आणि थेट श्वासनलिकेत पोचला. पुढची दोन मिनिटं मी जे आवाज काढले ते कुठल्याही पट्टीत नव्हते. डोळ्यांतून धारा. आजोबांनी पाठीत दणके घातले, बायकोने पाणी दिलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझा श्वास परत आल्यावर आजोबा माझ्या ओल्या डोळ्यांकडे पाहून समाधानाने म्हणाले, "हं. आता थोडा थोडा ब्लूज येतोय."

ऊन कलल्यावर मिशिगन तळ्यावरून वारा सुटला. मुलीने काही म्हटलं नाही. ती फक्त जाकिटाची चेन वरपर्यंत ओढून माझ्याकडे पाहत राहिली. माझे दात अखेर दुसरीवर आणि चौथीवर वाजायला लागले, तेव्हा जावई मला कपड्यांच्या दुकानाकडे घेऊन गेला. महोत्सवाचं नाव छापलेली हुडी चाळीस डॉलर. डॉलरचे रुपये करायचे नाहीत अशी मला घरातून ताकीद आहे. मी ते केले आणि थंडी क्षणभर विसरलो.

परत आलो तर सतरंजी रिकामी. बायको पुढच्या मोकळ्या जागेत पाच-सहा आजीबाईंच्या ओळीत उभी राहून डुलत होती. पदर खोचलेला, स्नीकर घातलेले, पाऊल अचूक. आजोबा हॅट उंचावून तिला दाद देत होते. मला अशी दाद सवाईत कुणी दिलेली नाही.

परतीच्या गाडीत जावयाने सांगितलं की मुंबईतही वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज भरू लागला आणि २०११च्या पहिल्याच खेपेला शिकागोचे बडी गाय तिथे वाजवून गेले. (नावावर विनोद करायचा नाही, हे त्याने आधीच बजावलं.) तुम्ही गेला नाहीत का, असं त्याने निरागसपणे विचारलं. त्या महोत्सवाला तिकीट होतं.

तेव्हा जूनमध्ये तुमची मुलं तुम्हाला शिकागोला बोलावतील तर या महोत्सवाला जरूर जा. पास लागत नाही. जाकीट न्या. बसायची घाई करू नका, जागा भरपूर असते. टाळी दुसरीवर आणि चौथीवर द्या, आणि जमत नसेल तर शेजारी बायको काय करते ते बघा. माउथ ऑर्गन न्यायचाच असेल तर दहा भोकांचा न्या, आणि ओढण्याआधी तो एकदा झटकून घ्या.