पेल्यासकट सलामी

सप्टेंबर 2014. न्यूयॉर्कमध्ये बराक ओबामा हेलिकॉप्टरमधून उतरले आणि खाली ताठ उभ्या मरीन जवानांना सलामी दिली, ती हातातल्या पेल्यासकट! झालं. देशभक्तांच्या अंगाचा तिळपापड झाला. समर्थकही कच्च्या गुरूचे चेले नव्हते; त्यांनी धाकट्या बुशसाहेबांचा, कुत्र्याला कवटाळून सलामी देतानाचा फोटो हुडकून काढला. मग पेला जास्त अपमानकारक की कुत्रा, यावर राष्ट्रीय चर्चा.

मुळात राष्ट्राध्यक्ष गणवेशात नसतो. त्याने उलट सलामी द्यावी असा नियमच नाही. ही टूम रेगन यांनी 1981 मध्ये रुजवली. आयझेनहॉवर तर पंचतारांकित जनरल, पण राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते सहसा या भानगडीत पडले नाहीत. (पदकं खरी असली की हात खाली ठेवता येतो.)

2018 मध्ये सिंगापुरात ट्रम्प यांनी उत्तर कोरियाच्या जनरलपुढे हात केला, त्याने सलामी ठोकली. यांनी सलामी दिली, तोवर त्याने हात पुढे केलेला. आता तिळपापड पलीकडच्या आळीत. आणि व्हाइट हाउसचा खुलासा काय, तर हा साधा शिष्टाचार!