सोफासाहेबांस अनावृत पत्र

माननीय सोफासाहेब यांस,

अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत आपण जे स्थान भूषवीत आहात, त्याची म्हणावी तशी दखल कोणी घेतलेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. वैद्यकाच्या इतिहासात असा रुग्ण विरळाच, ज्याच्या प्रकृतीसाठी दुसऱ्याच जिवाला भूल देऊन टेबलावर आडवे करतात. अवयवदानात तसे घडते खरे, पण तिथे दात्याची सही लागते. आपल्या बाबतीत ओरखडे आपल्या कातड्यावर उठतात आणि कापली जातात ती मांजरीच्या पुढच्या पंजांची दहा पेरे. तिची नखे ठणठणीत असतात, पंजे ठणठणीत असतात, तक्रार तिची काहीच नसते. केसपेपरवर रुग्ण म्हणून खरे तर आपलेच नाव घालायला हवे. माझा सगळा वाद एवढ्यावरच आहे: शस्त्रक्रियेचा लाभ ज्याला होतो तो एक आणि तिची किंमत जो मोजतो तो दुसरा, तर तिला उपचार म्हणता येत नाही. पुढचे सगळे पाल्हाळ आहे, पण आपल्याला बसून राहण्याची सवय असल्याने ऐकून घ्याल अशी आशा आहे.

मालकांचा समज असा असतो की नखे काढणे म्हणजे नखे कापणेच, फक्त एकदाच आणि कायमचे. माणसाचे नख कातडीतून वाढते. मांजरीचे नख बोटाच्या शेवटच्या हाडाला धरून वाढते. ते पुन्हा उगवू नये असे वाटत असेल तर ते हाडच सांध्यातून वेगळे करावे लागते. हत्यार सुरी असो, कात्री असो की लेसर. लेसरने रक्त कमी जाते, हाड तेवढेच जाते. त्यातून मांजर पडली बोटांवर चालणारी, आणि अंगाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर टाकणारी. ज्या टोकांवर तो भार पडतो तीच टोके आपल्या सौंदर्यासाठी काढून टाकली जातात. मग राहिलेल्या पेरांवर ती आयुष्यभर चालते. घरातली माणसे मात्र तिच्या मवाळ झालेल्या पंजांचे कौतुक करीत असतात.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी कळवळ्याची भाषा झाली, पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो मांजरीपेक्षा आपल्याच काळजीचा आहे. 2018 साली ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नखे काढलेली 137 मांजरे आणि नखे शाबूत असलेली 137 मांजरे संशोधकांनी तपासली, त्यांच्या नोंदी चाळल्या. नखे काढलेल्यांत पाठदुखी आढळण्याची शक्यता संख्याशास्त्राच्या हिशेबाने जवळजवळ तिप्पट निघाली, चावण्याची साडेचारपट, आणि नको तिथे मलमूत्र विसर्जन करण्याची सुमारे सातपट. क्ष-किरणांत त्यांपैकी 63 टक्के मांजरांच्या पंजांत हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. ज्यांची शस्त्रक्रिया अगदी नेटकी झाली होती त्यांचे हाल तुलनेने कमी होते; पण चावण्याची आणि भलतीकडे शी-शू करण्याची शक्यता त्यांच्यातही धडधाकट मांजरांपेक्षा जास्तच होती. याचे कारण समजायला पशुवैद्यक असावे लागत नाही. पंजा दुखत असेल तर शी-शूच्या पेटीतली खडबडीत वाळू उकरणे नकोसे होते आणि मांजर मऊ जागा शोधू लागते. घरात मऊ जागा कोणती, हे आपल्याला मी सांगायला नको. ओरखड्यांपासून आपल्याला वाचवायला गेले आणि मुताच्या वासाच्या स्वाधीन केले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तरीही आपल्या बाजूने एक युक्तिवाद हटकून होतो आणि तो वरवर दयेचा वाटतो. नखे गेली तरी घर तर राहते. नखे ठेवली तर मालक तिला प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडून देईल आणि तिथे कदाचित तिला मारून टाकतील, तेव्हा पेरे गेलेली बरी. न्यूयॉर्कमध्ये बंदीचा कायदा होऊ घातला तेव्हा तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने हाच मुद्दा लावून धरला होता. मुद्दा टाकाऊ नाही, फक्त तो तपासता येण्याजोगा आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2018 साली ही शस्त्रक्रिया बंद झाली. बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या निवाऱ्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर सामानाची नासधूस करते म्हणून आणून सोडलेल्या मांजरींचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. शिवाय ज्या मांजरीला चावायची आणि गालिच्यावर मुतायची खोड लागली, तिला मालक जन्मभर सांभाळील हा भरवसा कुठून आणायचा? आणि खरे सांगायचे तर या युक्तिवादाला थोडा धमकीचाही वास आहे. पेरे द्या, नाहीतर बेघर करू, असे सांगणाऱ्याला आपण इतर कुठल्या प्रसंगी दयाळू म्हटले असते?

आजारी माणसांचा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्यांचे रक्त गोठत नाही, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांना एक ओरखडाही महागात पडू शकतो, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण एचआयव्हीबाधितांसाठीच्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही मांजरीची नखे काढून घ्या असे सांगितलेले नाही. त्या सांगतात की मांजरीशी दांडगाईने खेळू नका, ओरखडा लगेच धुवा, पिसवांचा बंदोबस्त करा. व्यवहारातही हिशेब जुळत नाही, कारण शस्त्रक्रिया सहसा पुढच्याच पंजांवर होते. मागची आठ नखे जागेवर राहतात आणि दात तर सगळेच राहतात. मांजरीचा चावा बारीक दिसतो पण खोल जातो आणि चिघळतो. बोचकारण्याचे हत्यार काढून घेतलेल्या जनावराने दुसरे उचलले, तर नुकसान कोणाचे?

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. आपला वकील विचारील, मांजरीची नसबंदी तुम्ही आनंदाने करता, तीही तिला न विचारता आणि बरीचशी आपल्या सोयीसाठी. मग पेरांपुरतेच एवढे सोवळे का? इथे आपल्या वकिलाने मला थोडे अडचणीत आणले आहे, हे कबूल. सोय तिथेही आहेच. पण नसबंदी झालेल्या मांजरीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही, लवकर केली तर स्तनांच्या कर्करोगाची शक्यता बरीच घटते, आणि कोणी न सांभाळणारी पिल्ले दर विणीला जन्माला येत नाहीत. म्हणजे हिशेबाच्या वहीत मांजरीच्या बाजूला काहीतरी जमा होते. नखांच्या बाबतीत ते पान कोरेच राहते. अर्थात नखातच गाठ झाली किंवा बोट सडले तर ते पेर जरूर काढावे. तिथे रुग्ण मांजर असते, आपण नसता.

कायद्यानेही आपली बडदास्त बरीच वर्षे ठेवली. कॅलिफोर्नियाने 2004 साली सिंह-वाघांसारख्या जंगली मांजरकुळातल्या प्राण्यांची नखे काढायला बंदी केली. वाघाला संरक्षण मिळाले, मावशी तशीच राहिली. वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने त्याआधी 2003 सालीच मावशीची बाजू घेतली, तर राज्यातल्या पशुवैद्यकांची संघटना त्याच्यावर कोर्टात गेली. खटला मांजरीच्या पंजाचा नव्हता, वैद्यकीच्या धंद्यात शहराने नाक खुपसावे की नाही याचा होता, आणि 2007 साली अपिलात शहर जिंकले. मग राज्यानेच ठरवले की 2010 पासून शहरांना असले कायदे करता येणार नाहीत. ते लागू व्हायच्या आत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि आणखी काही शहरांनी 2009 मध्ये घाईघाईने बंदी उरकून घेतली. न्यूयॉर्क हे बंदी घालणारे पहिले राज्य ठरले ते 2019 साली. पुढे मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स त्याच वाटेने गेली. युरोपने मात्र पाळीव प्राण्यांविषयीच्या 1987 च्या करारातच ही शस्त्रक्रिया नाकारली होती. युरोपातले सोफे त्यामुळे नामशेष झाल्याचे ऐकिवात नाही.

तिथल्या माणसांनी तोडगा काढला असेल तो साधाच असणार. मांजर ओरबाडते ती द्वेषाने नव्हे. नखाचे जुने टरफल उतरवायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास ठेवून हे घर माझे असे जाहीर करायला. म्हणून तिला पूर्ण ताणता येईल इतका उंच, न डगमगणारा, काथ्या किंवा सिसलची दोरी गुंडाळलेला खांब द्यावा. तो अडगळीत नव्हे, आपल्या शेजारीच उभा करावा, कारण तिला खूण चारचौघांत करायची असते. दर दोन आठवड्यांनी नखांची टोके कापावीत. आणि आमच्या मराठी घरांतली जुनी रीत आहेच: सोफा घेतला की त्याच दिवशी त्याच्यावर चादर पडते, ती पाहुणे आल्याशिवाय निघत नाही. न्यू जर्सीत गेलेल्या मंडळींनीही ती बरोबर नेली असावी असा माझा कयास आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जमिनीवर बसणारा

ता. क. मालक आपल्या जागी नवा सोफा आणण्याच्या विचारात असतील, तर घट्ट विणीचे मायक्रोफायबर घ्यायला सुचवा. सैल, जाड विणीच्या कापडात नख छान अडकते, म्हणून मांजरी आधी तिकडेच वळतात.