चार्जर पुण्याला, बॅटरी मांडवात

सर्वप्रथम अभिनंदन. कॅमेरा तुमच्या गळ्यात आहे, त्याची बॅटरी लाल झाली आहे आणि चार्जर घरी टीव्हीमागच्या प्लगला तसाच लटकतो आहे. म्हणजे नवशिक्याला लागणारं सगळं साहित्य जमलं. आता कृती.

पायरी पहिली: कुणाला सांगू नका. माझी पहिली चूक इथेच झाली. कराडजवळच्या एका गावात मावसबहिणीचं लग्न होतं. हळदीलाच मी सगळी बॅटरी उधळली होती. लग्नाच्या सकाळी बायकोच्या कानात म्हणालो, "चार्जर राहिला गं." पाच मिनिटांत मांडवातला प्रत्येक पुरुष इलेक्ट्रिशियन झाला.

पायरी दुसरी: कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण नखाने उचकटून बघा. नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांना तिथे मोबाइलची वायर लावून चार्ज करता येतं. बहुतेकांना त्यासाठी आधी बंद करावं लागतं. कॅमेरा चालू ठेवून, तो चार्ज होत नाही म्हणून वायरीला शिव्या देणारे थोडेथोडके नाहीत. हे साधलं तर पुढचं वाचू नका, जेवून घ्या. माझा डीएसएलआर जुना. त्याचं भोक फक्त फोटो बाहेर काढण्यापुरतं, आत काही घेत नाही. (कॅमेऱ्यात पेन्सिल सेल पडत असतील तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. किराणा दुकान गाठा. फक्त साधे अल्कलाइन सेल चार्ज करायला जाऊ नका. रिचार्जेबल सेलवर तसं छापलेलं असतं आणि व्होल्टेज 1.5 ऐवजी 1.2 असतं.)

पायरी तिसरी: बॅटरी बाहेर काढून तळहातावर घ्या आणि तिचं तोंड नीट बघा. बारीक सोनेरी पट्ट्या दिसतील. एकीशेजारी अधिक, एकीशेजारी वजा, आणि मधे कुठेतरी टी हे इंग्रजी अक्षर. अधिक-वजा सगळ्यांना कळतं. टी म्हणजे तापमान. आत एक चिमुकला थर्मिस्टर असतो, आणि त्या पट्टीवरून चार्जर बॅटरीच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघत असतो. आता लेबल वाचा. 3.6 किंवा 3.7 व्होल्ट लिहिलं असेल तर आत एक सेल, 7.2 किंवा 7.4 असेल तर दोन, एकापुढे एक. माझ्या बॅटरीवर 7.4 होतं. ते मी वाचलं नाही. मदतीला धावलेल्या मामांनी तर चष्माच आणला नव्हता.

मामांनी आणला तो युनिव्हर्सल चार्जर. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या सुट्या निघायच्या त्या काळातला: चिमटा, त्याच्या तोंडाशी डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दोन तारा, झुरळाच्या मिशांसारख्या, आणि रंगीत दिवे. "आण हिकडं," म्हणाले, आणि मिशा अधिक-वजावर टेकवल्या. टीला मिशीच उरली नाही. प्लग लावला, बटण दाबलं, आणि दोन सेकंदांत हिरवा दिवा! मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुण्याची सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं आता बंद करायला हरकत नाही.

"फुल्ल."

मी बॅटरी घातली. नवरदेवाच्या बुटांचे तीन फोटो निघाले आणि कॅमेरा मिटला.

झालं होतं ते असं. तो चार्जर एका सेलसाठी केलेला. एक लिथियम-आयन सेल भरला की 4.2 व्होल्टला पोचतो, आणि तेवढं दिसलं की चार्जर म्हणतो, झालं. माझ्या बॅटरीत दोन सेल. ती भुकेने व्याकूळ असली तरी तिचं व्होल्टेज सहाच्या वरच. चार्जरने दारातूनच डोकावून पाहिलं, "पोट भरलेलं दिसतंय," म्हणाला आणि हिरवा दिवा लावून मोकळा झाला. तिच्या पानात शितही पडलं नव्हतं.

पायरी चौथी: काकांना आवरा. ट्रान्झिस्टर मंद बोलायला लागला की मोठे सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, कुणी दाताने चेपायचे, आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत यायचा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना समजावणं अवघड. ते खोटं नव्हतंच. ऊन लागलं की त्या जस्ताच्या सेलमधली उरलीसुरली रसायनं जरा चपळ व्हायची. पण ती शिळीच भाकरी, फक्त गरम केलेली. लिथियम बॅटरी उन्हात ठेवून भरत नाही, तिचं आयुष्य मात्र घटतं. दात लावाल तर आतला पातळ पडदा फाटून आतल्या आत शॉर्ट होईल, आणि मग फोटो तुमचाच छापून येईल. हिमालयाच्या ट्रेकला गारठलेली बॅटरी अंगाशी धरली की पुन्हा थोडी चालते, हे खरं. कराडला मे महिन्यात तो प्रश्न नव्हता.

पायरी पाचवी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या भाच्याची. त्याने मोबाइल चार्जरची वायर सोलायलाच घेतली होती. ही पायरी करायची नाही, पण का ते ऐका, कारण सगळी गंमत तिथे आहे. भिंतीत खोचतो त्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, तो चार्जर नसतोच. साधा ठोकळा नुसते 5 व्होल्ट पुरवतो. खरा चार्जर फोनच्या आत बसलेला असतो. पंगतीत ठोकळा म्हणजे स्वयंपाकघर, चार्जर म्हणजे वाढपी. चांगला वाढपी आधी भराभर वाढतो. पान भरत आलं, म्हणजे 4.2 व्होल्ट झाले, की पातेलं तिथेच धरून चमच्या-चमच्याने वाढतो आणि शेवटी आपणहून थांबतो. सोललेल्या वायरीला थांबणं ठाऊक नाही, ती आपली व्याह्यांसारखी, "अजून एक जिलबी घ्याच." एका सेलला 5 व्होल्टांचा असा आग्रह झाला की तो तापतो, फुगतो आणि कधी पेटतोही. आत बचावाचं सर्किट असतं, पण ते हँडब्रेकसारखं, उतार त्याच्या भरवशावर उतरायचा नसतो. आणि माझ्या दोन सेलवाल्या बॅटरीला 5 व्होल्ट लावले असते तर भरणं दूरच, तिनेच उलट त्या ठोकळ्याला वाढायला घेतलं असतं.

ही बॅटरी 1991 साली बाजारात आली आणि तिच्यासाठी 2019 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. आमच्या मामांचं काम दोन सेकंदांत झालं, हे त्यांना कुणी कळवलं नाही ते बरं.

पायरी शेवटची, आणि खरं तर हीच पहिली हवी होती: लग्नाच्या फोटोग्राफरकडे जा. त्याच्या बॅगेत चार्जर असतो, आणि कॅमेऱ्याची कंपनी जुळली तर बऱ्याचदा बॅटरीही जुळते. अडचण एवढीच की कालपासून तुम्ही त्याच्या फ्रेममध्ये पाठ करून उभे असता. मी हळद, देवक, सीमांतपूजन, तिन्ही ठिकाणी होतो.

चेहरा पाडून गेलो. त्याने माझी बॅटरी उलटीपालटी करून पाहिली, अंगठ्याने दाबली. फुगलेली असती तर परत दिली असती, म्हणाला. मग बॅगेतून चार्जर काढला. तीच कंपनी, तेच मॉडेल. खटकन बसली. नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

"किती वेळ लागेल?"

"दीड-दोन तास धरा." भटजींनी अंतरपाट मागवला होता. त्याने मांडवाकडे नजर टाकली, आपल्या कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसला. "सावकाश होऊ दे की, पाव्हणं. घाई करू नका अजिबात."