ग्यानीजींचा खण

इंदिराबाईंनी सांगितलं तर हातात झाडूही घेईन, अशा अर्थाचं काहीतरी ग्यानी झैलसिंग १९८२ साली बोलून गेले आणि टवाळखोरांची पाच वर्षांची सोय झाली. राष्ट्रपतिपदासाठी विरोधकांचे उमेदवार होते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आणीबाणीत नागरिकाच्या जगण्याच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात एकट्याने वेगळा निकाल दिलेले, त्यापायी सरन्यायाधीशपद हुकलेले. असला माणूस राष्ट्रपती भवनात नेऊन बसवायचा धोका कोण पत्करणार? ग्यानीजी दणदणीत मतांनी निवडून आले.

खरं तर गडी मऊ नव्हता. फरीदकोटच्या राजाविरुद्ध प्रजामंडळाचं काम केलं म्हणून पाच वर्षं तुरुंगात काढलेली. पुढे पंजाबचे मुख्यमंत्री, मग देशाचे गृहमंत्री. पण जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं, तेव्हा तिन्ही दलांच्या या सरसेनापतींना कुणी आगाऊ कळवलंसुद्धा नाही. ऑक्टोबरअखेर इंदिराबाईंची हत्या झाली. येमेनहून तातडीने परतलेल्या ग्यानीजींनी त्याच संध्याकाळी राजीव गांधींना शपथ दिली. नव्या पंतप्रधानांनी लवकरच राष्ट्रपतींना भेटून कारभार सांगायचा रिवाज जवळपास गुंडाळून ठेवला.

मग आलं टपाल दुरुस्ती विधेयक. लोकांची पत्रं अडवायची मुभा सरकारला देणारं. १९८६ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर करून सहीसाठी धाडलं. ग्यानीजींनी सही केली नाही. परतही पाठवलं नाही, कारण संसदेने तेच पुन्हा मंजूर केलं की सही टळत नाही. राज्यघटनेच्या १११व्या कलमात विधेयक परत पाठवायचं तर ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच म्हटलंय. दिवस मोजून दिलेले नाहीत. ही फट तालुका कचेरीतल्या कुठल्याही अव्वल कारकुनाला रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात दिसली असती. राष्ट्रपती भवनाला त्यासाठी १९८६ उजाडावं लागलं.

फाइल खणात गेली.

१९८७ मध्ये बोफोर्स तोफखरेदीचा धूर निघू लागला, तशा दिल्लीत कंड्या पिकल्या : ग्यानीजी पंतप्रधानांना घरी पाठवणार! जुलैत मुदत संपली आणि ग्यानीजीच घरी गेले.

विधेयकाचा मुक्काम मात्र लांबला. पुढचे राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत केलं; २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते एकदाचं मागे घेतलं. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कायदा मंजूर केला. टपाल अडवण्याची, उघडण्याची तरतूद त्यात आहे. सही त्याच महिन्यात झाली.