पंचांग

पायथनमध्ये एका ओळीत फाइल उघडता येते, हे नवी पोरं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दाखवतात. ती ओळ ‘कुठल्या मशीनवर’ लिहिली आहेस, असं विचारणारा माणूस त्यांना दुसऱ्या आठवड्यात भेटतो.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत तो एक तरी असतोच. चाळिशी ओलांडलेली, बढती दोनदा हुकलेली, आणि त्याचं काडीचं दुःख नाही. टेबलावर तीन लॅपटॉप : विंडोज, मॅक, उबुंटू. आमच्याकडे त्याला पंचांग म्हणतात, कारण रिलीजच्या आधी सगळे हळूच त्याला विचारून येतात आणि ‘बिनधास्त कर’ असं तो आजवर कोणालाही म्हणालेला नाही.

“दादा, तारखेच्या आधीचा शून्य कसा काढायचा? पाच तारीख ‘०५’ दिसतेय.”

“कुठल्यावर?”

“म्हणजे?”

“लिनक्सवर आणि मॅकवर टक्का, वजा, डी. विंडोजवर टक्का, हॅश, डी. लिनक्सचं विंडोजवर टाकलंस तर ‘इनव्हॅलिड फॉरमॅट स्ट्रिंग’ म्हणून परत येईल.”

“पण पायथन तर एकच आहे ना?”

या प्रश्नासाठीच तो जगत असावा. खुर्ची गर्रकन वळते. पायथन एकच, पण स्ट्रफटाइम तारीख स्वतः छापत नाही. ते काम तो खालच्या सी लायब्ररीकडे ढकलतो. ती प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी, आणि जिची तिची तऱ्हा. मग ओएस डॉट रीनेम निघतं. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर लिनक्स गुपचूप तिच्यावर नवी चढवतो, विंडोज मात्र भांडायला उठतो. सगळीकडे सारखं वागणारं ओएस डॉट रिप्लेस पायथन 3.3 मध्ये आलं, “पण वाचतो कोण?” डॉक्युमेंटेशनमधली ‘अव्हेलेबिलिटी : युनिक्स’ ही बारीक अक्षरं आवडीने वाचणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. घरीही हेच. बायकोने “चालू होत नाहीये” म्हटलं की हा “कुठल्या मशीनवर?” विचारतो. “आपल्याकडे मशीन एकच आहे, आणि तिच्यात तुमचे शर्ट अडकलेत,” असं तिथून उत्तर येतं.

त्याची खरी दिवाळी एका पतसंस्थेच्या कामात झाली. सभासदांची मराठी नावं फाइलमध्ये लिहायची होती. पोराने मॅकवर लिहिलं, चाललं. पतसंस्थेच्या विंडोजवर गेलं आणि पहिल्याच नावाला आडवं झालं : ‘चारमॅप’ला हे अक्षर लिहिता येत नाही. एन्कोडिंग सांगितलं नाही, तर ओपन मशीनचं डिफॉल्ट धरतो, आणि तिथे ते होतं सीपी-1252. म्हणजे पश्चिम युरोपची सोय. फ्रेंचांचे टोपीवाले स्वर त्यात आहेत, आपला ‘क’सुद्धा नाही. (आतमध्ये सगळं युनिकोड ठेवणाऱ्या भाषेने दाराशी येऊन मराठीला अडवावं, याला मी तरी गंमत म्हणणार नाही.) एन्कोडिंग लिहिलं, नावं उमटली. मग सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली, तर प्रत्येक सभासदाखाली एक ओळ कोरी. “न्यूलाइन रिकामं दे,” पंचांगाने मान वर न करता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जन्मतारखा मोडल्या. त्या 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत साठवलेल्या होत्या. त्याआधी जन्मलेल्यांचे सेकंद अर्थातच उणे. लिनक्सने ते निमूट मोजले, विंडोजवर फ्रॉमटाइमस्टँपने ‘एरर नंबर 22’ म्हणून हात वर केले. भर मीटिंगमध्ये पंचांगाने निदान जाहीर केलं, “विंडोजच्या मते 1970 च्या आधी कोणी जन्मलेलंच नाही.” आमच्या मॅनेजरबाई 1968 च्या. त्या हसल्या नाहीत. बढतीचं पुढे काय झालं, ते वर आलंच आहे.

हे सगळं त्याला आधीच माहीत होतं का? होतं. मग आधी का सांगितलं नाही? “विचारलं कुठे कोणी?” खड्डा कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण पाटी लावण्यापेक्षा पडलेल्याला हात देण्यात त्याला रस जास्त. फार बोललात, की तो रसायनशास्त्राकडे वळतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधपद्धतीसोबत पायथनच्या स्क्रिप्ट होत्या, आणि त्या धरून चालल्या होत्या की फाइलींची यादी देणारा ग्लॉब ती क्रमानेच देतो. ग्लॉबने असा शब्द कधीच दिलेला नाही. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की त्याच फाइलींवर विंडोज 10 आणि मॅकची मॅव्हरिक्स उत्तर 173.2 देतात, मोहावे 172.7, उबुंटू 172.4. दीडशेच्या वर शोधनिबंधांवर शंकेची सावली पडली. “आणि उपाय काय होता? सॉर्टेड! एक शब्द!” हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलतो, की ऐकणाऱ्याला त्या शास्त्रज्ञांची कीव येते.

हे खड्डे एकेक करून बुजत चाललेत, म्हणूनच अलीकडे तो उतरलेला दिसतो. टाइम डॉट क्लॉक हे त्याचं लाडकं. युनिक्सवर ते प्रोसेसरने खर्चलेला वेळ सांगायचं, विंडोजवर भिंतीवरच्या घड्याळाचा. 3.8 मध्ये ते काढून टाकलं, तेव्हा टीमने सुटकेचा निःश्वास सोडला आणि हा दिवसभर कोणाशी बोलला नाही. आता 3.15 पासून पायथन सगळीकडे यूटीएफ-8 हेच डिफॉल्ट धरणार. मराठी नावं कुठल्याही विंडोजवर बिनबोभाट उमटणार.

“चांगलंच झालं की,” मी म्हणालो.

“चांगलंच,” तो म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

तेवढ्यात नवीन क्लायंटकडून आलेली मुलगी दारात उभी राहिली. “दादा, त्यांचा सर्व्हर विंडोजचा आहे. आणि अपग्रेड करणार नाही म्हणतायत.”

“पायथन कुठलं?”

“3.6.”

“ये, बस,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. “चहा घेणार?”