मुका मार, बोलके काका

मासूळकर कॉलनी, शाहूनगर किंवा यमुनानगरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत कोणी जिन्यावरून घसरलं, की डॉक्टरांच्या आधी आणि बहुधा घरच्यांच्याही आधी एक गृहस्थ हजर होतात. पायात रबरी सपाता, अंगात बंडी, खिशात चपटी डबी. पडलेला माणूस अजून फरशीवरच असतो. त्याला उठवायची घाई काकांना नसते. ते आधी म्हणतात, "जीभ वर कर."

मग झाकणात चार साबुदाणे मोजून घेतले जातात आणि ते जिभेखाली पोचतात. "हात लावायचा नाही! चावायचं नाही! अर्धा तास चहा नाही, कांदा-लसूण नाही!" ज्याचं ढोपर सोलवटलंय तो त्या क्षणी कांदा खायच्या विचारात नसतो, पण मान हलवतो. अर्निका थर्टी सुरू झालेली असते.

अर्निकावाले काका पुण्यातही आढळतात, पण तिकडचे ग्रंथ वाचून झालेले. पिंपरी-चिंचवडचे काका कारखान्यातून झालेले. टेल्कोत किंवा बजाजमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी क्वालिटीत. २००३ साली टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं, ही बातमी काकांपर्यंत पोचली आहे. त्यांनी ती मान्य केलेली नाही. नोकरीत असताना पाच मायक्रॉननं जास्त भरलेला पीस त्यांनी सप्लायरच्या तोंडावर परत केला आहे. "मोजता येत नाही ते पास करायचं नाही," हे वाक्य ऐकून दोन पिढ्यांचे अप्रेंटिस घाबरले. आणि हाच माणूस खिशात असं औषध घेऊन फिरतो, की ज्यात औषध सापडायला पृथ्वीवरचं कुठलंही गेज पुरणार नाही.

त्यातून गाव कुठलं, तर पिंपरी. पेनिसिलिन देशात तयार व्हावं म्हणून सरकारनं १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली ती इथेच. त्या एचए कंपनीच्या मैदानावर काका रोज सकाळी चकरा मारतात. कोणी धावताना ठेचकाळलं, तर तिथल्या तिथे डबी उघडते.

अर्निका मोंटाना ही सूर्यफुलाच्या कुळातली, पिवळ्या फुलाची, युरोपच्या डोंगराळ कुरणांत उगवणारी वनस्पती. तिथल्या लोकांत ती मुक्या मारावर चोळायचं झाडपाल्याचं औषध म्हणून फार जुनी. कच्ची पोटात गेली तर मात्र विषारी, आणि उघड्या जखमेवर तिचा लेपही लावू नये असं सांगतात. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी तिला गोळीत बसवलं. हानेमान यांचा जन्म १० एप्रिल १७५५चा, त्यामुळे १० एप्रिलला सोसायटीत काकांचे पेढे येतात. एका नव्या भाडेकरूनं "मुलाचा निकाल का?" असं विचारलं, तर त्याला जिन्यातच जर्मनीचा इतिहास ऐकावा लागला.

थर्टी म्हणजे काय, हे काकांच्या पुतण्यानं एकदा हिशोब करून दाखवलं. पुतण्या चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. अर्काचा एक भाग घ्यायचा, नव्व्याण्णव भाग द्रवात मिसळायचा. झालं एक सी. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात, दोन सी. असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं! बाराव्या फेरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू निरोप घेतो. पुतण्यानं गावचंच उदाहरण घेतलं. पवना धरण साडेआठ टीएमसीचं. ते काठोकाठ भरलं असताना अर्निकाचा एकच थेंब टाकला आणि सगळं पाणी एकजीव केलं, तर किती सी होईल? जेमतेम आठ. थर्टीला अजून बावीस फेऱ्या बाकी.

काकांनी कागद नीट पाहिला. शून्यं मोजली. मग चष्मा काढून म्हणाले, "पण धरण हलवलं का?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. प्रत्येक फेरीला बाटली जोरानं आपटावी लागते, त्याशिवाय औषधाची शक्ती जागी होत नाही, असं होमिओपॅथी सांगते. कठीण पण लवचीक वस्तूवर आपटा, उदाहरणार्थ चामडी बांधणीच्या पुस्तकावर, अशी सूचना खुद्द हानेमान यांची आहे. पवना धरण कशावर आपटायचं, याचं उत्तर पुतण्याकडे नव्हतं. डाव काकांचा.

रोगी तपासताना काकांची क्वालिटी जागी होते. कुठे लागलं? घसरलास की आपटलास? ठणकतंय की नुसतं ठसठसतंय? रात्री गादी टोचते का? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या पदरचा नाही. अंथरूण कडक वाटणं हे अर्निकेचं पुस्तकी लक्षण आहे. दुसरं पुस्तकी लक्षण तर भलतंच चतुर आहे. इजा झालेला माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही, मला हात लावू नका. त्यामुळे चाकणच्या खड्ड्यांतून गाडी घसरवून आलेला तरुण "काका, खरंच काही नाही झालं" असं म्हणत लिफ्टकडे पळाला, की काकांचे डोळे चमकतात. निदान पक्कं. दुखतंय म्हणालात तरी अर्निका, नाही म्हणालात तर अर्निकाच.

आणि गुण येतो, हे मान्य करायला हवं. मुक्या मारात कातडीखाली रक्त साकळतं; आधी लाल-निळं, मग हिरवट, मग पिवळं होत डाग विरतो. शरीर त्या रक्तातलं हिमोग्लोबिन फोडून टप्प्याटप्प्यानं निकालात काढतं, म्हणून हे रंग. साध्या माराला यात साधारण दोन आठवडे जातात. काकांचा कोर्सही दोन आठवड्यांचा असतो. १९९८ साली एडझार्ड अर्न्स्ट आणि मॅक्स पिटलर यांनी होमिओपॅथिक अर्निकेच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि नुसत्या गोड गोळीपेक्षा ती सरस ठरत नाही असा निष्कर्ष काढला. हे कोणी काढलं, की काका २००७ सालच्या स्विस प्रयोगाचं नाव घेतात: हाताच्या संधिवातावर अर्निकेचं जेल आयबुप्रोफेनच्या जेलच्या तोडीस तोड उतरलं होतं. खरं आहे. मात्र त्या जेलमध्ये अर्निका खरोखरच होती. हा तपशील काका रिवर्कला पाठवतात.

घरात काकांना स्पर्धा आहे. काकू आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावतात, मुलगा स्प्रे मारतो. सूज उतरली की श्रेयावरून तिघांची जुंपते. ज्याचा पाय, त्याला कोणी विचारत नाही.

खरी पंचाईत बी विंगमधल्या डॉक्टरीणबाईंची. त्या रीतसर बीएचएमएस, पिंपरीतल्याच कॉलेजात शिकलेल्या. काकांना वाटलं होतं, आपलं माणूस आलं. पण त्यांनी मनगट सुजलेल्या एका मुलाला पाहून पहिलं वाक्य उच्चारलं, "आधी एक्स-रे काढा." फ्रॅक्चर निघालं. शिवाय त्यांनी आधुनिक औषधशास्त्राचा तो एक वर्षाचा सीसीएमपी कोर्सही केलेला, ज्याच्या जोरावर होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहू देण्याची सोय राज्यानं २०१४ साली कायद्यात केली आणि ज्यावरून दोन्हीकडचे डॉक्टर अजून भांडतात. या भांडणात काका विलक्षण एकटे आहेत. आयएमएचे डॉक्टर म्हणतात, होमिओपॅथांनी आमची औषधं लिहू नयेत. काकाही तेच म्हणतात, पण कारण वेगळं: "धर्म बुडाला!"

हसून सोडावं असं एवढंच असतं तर बरं होतं. एकदा तळमजल्यावर कॉट बेसिसवर राहणारा, लातूरकडचा एक कंत्राटी पोरगा हाताला फडकं गुंडाळून आला. प्रेसवर दोन बोटं चेपलेली. चेपलेल्या बोटांना काकांच्या पुस्तकात अर्निका नाही, हायपेरिकम आहे. काकांनी ती बाटली काढलीही. गोळ्या मोजता मोजता त्यांनी विचारलं, "रजिस्टरला नोंद केली का?" पोरगा गप्प. सुपरवायझर म्हणाला होता, घरी जा, बोर्डावरचे अपघाताविना दिवस मोडतील.

काकांचा आवाज तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत गेला. दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी हवी, हे १९४८च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये होतं. ईएसआयचं कार्ड कशाला असतं. नोंद नाही म्हणजे उद्या भरपाई नाही. "मोजलं नाही तर झालंच नाही असं म्हणतील, गाढवा!" हायपेरिकम जिभेखाली पडलं ते रिक्षात. रिक्षा मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलला गेली आणि नोंद होईपर्यंत काका तिथल्या बाकावरून हलले नाहीत.

अर्निकेचा दुसरा संसार केसांचा आहे. मेडिकलच्या दुकानात गोळ्यांपेक्षा अर्निका हेअर ऑइलच्या बाटल्या जास्त दिसतात. मुका मार आणि केस गळणं यांचा संबंध काय, हे काकांना विचारायला कोणी धजत नाही, कारण ते नेमाने तेल लावतात आणि डोकं गुळगुळीत आहे.

वर्षातला काकांचा मोठा दिवस म्हणजे तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तो. महापालिकेची वैद्यकीय पथकं असतात, कंपन्यांचे स्टॉल असतात, आणि एका फोल्डिंग टेबलामागे काका असतात. यंदा परभणीकडची एक म्हातारी पाय ओढत आली आणि टेकली. काकांनी नेहमीचा प्रश्न केला, "आजी, रात्री अंथरूण टोचतं का?"

"कशाचं अंथरूण, बाबा? सतरंजी हाय."

काकांनी चार गोळ्या दिल्या. आजीनं त्या चावून खाल्ल्या, गोड हाय म्हणाली, नातवासाठी आणखी थोड्या मागून पदराला बांधल्या. मग लुगडं घोट्यापर्यंत सावरून दोन्ही पाय काकांपुढे केले.

"आता तेल लाव."

काकांनी टेबलाखालची पिशवी चाचपली. तेल एकच होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, अर्निका हेअर ऑइलचं बूच उघडलं आणि मांडी घालून बसले. तोवर आजीमागे आणखी दोन म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या.