पाठ टाचणाच्या वहीस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप पाठ टाचण वही हिचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

माझा पहिला सराव पाठ काल सातवी 'ब'मध्ये पार पडला. आपण टेबलावर उघड्याच होता, तेव्हा काय झाले ते आपणही पाहिलेत. पण आपल्या अंगावर भलतेच लिहिलेले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्यातली मुले फार गुणी. डावीकडे 'शिक्षक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती'. डावीकडे मी विचारते, "सकाळी आपण काय पितो?" उजवीकडे मुले एकमुखाने म्हणतात, "चहा." मी म्हणते, "गरम चहात चमचा ठेवला तर?" मुले म्हणतात, "तापतो." की लगेच हेतुकथन: आज आपण उष्णतेचे संक्रमण अभ्यासणार आहोत. कुणी मध्ये खोकतसुद्धा नाही.

काल पहिले उत्तर आले, "पाणी." दुसरे, "बाई, माझा आज उपवास आहे." तिसऱ्याने शेवटच्या बाकावरचा एक जण काय पितो ते सांगितले, ते इथे लिहीत नाही. चहापर्यंत पोचायला 6 मिनिटे गेली. मग चमचा.

"नाही तापत," खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला. "आमच्याकडे प्लास्टिकचा आहे."

आपल्या रकान्यात प्लास्टिक नव्हते. मी त्याला म्हटले, "बस खाली." सुवाहक-दुर्वाहक आपल्या तिसऱ्या पानावर होते आणि मी अजून पहिल्यावरच होते, पोराला एवढीही पोच नसावी!

पुढे मी वहन, अभिसरण, प्रारण असे धावतच सांगत सुटले. तासिका 35 मिनिटांची. बाविसाव्या मिनिटाला माझ्याजवळचे विज्ञान संपले. निरीक्षणाला मागे बसलेल्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिले, मी दाराकडे. मग मी फळा पुसला. फार स्वच्छ पुसला.

सगळा दोष आपल्या माथी मारत नाही. आपल्या पंचपदीवर, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांवर, नाव शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टचे, पण तो बिचारा 1841 मध्येच गेला आणि त्याच्या पायऱ्या होत्या चार. पाचवी झिलर आणि राइन या चेल्यांच्या हातून वाढली. गुरूच्या नावावर पायरी चढवणारे आपल्याकडेच असतात, असा माझा इतके दिवस समज होता.

शेरा मिळाला: 'आवाज चांगला. फलक लेखन उतरणीला. वेळेचे नियोजन हवे.' चमच्याबद्दल अक्षर नाही. मॅडमच्या हातातही आपलीच प्रत होती ना!

परवाच्या पाठासाठी 'विद्यार्थी कृती'चा रकाना कोरा ठेवून आपल्याला सहीला पाठवले. आज आपण परत आलात, लाल शाईत: 'टाचण अपूर्ण.' तेव्हा मुलांची उत्तरे लिहायला बसले आहे. आपल्या कृपेने सगळी बरोबर येत आहेत.

कळावे,
आपली आज्ञाधारक
छात्राध्यापिका, सराव पाठ क्र. 1